उत्सर्गाविना प्रणोदन : अपेक्षा, शंका आणि मापन

अग्निबाण हवेला मागे रेटून पुढे जातो, हा समज चुकीचा आहे. निर्वात अवकाशात रेटण्याजोगे काहीच नसते. अग्निबाण आपल्याच उदरातील द्रव्य तप्त वायूच्या रूपाने मागे टाकतो व त्या वायूला मिळालेल्या संवेगाइतकाच विरुद्ध दिशेचा संवेग स्वतः मिळवितो. ‘रेटणे’ हे क्रियापद सकर्मक आहे. कोण रेटतो याबरोबरच कशाला रेटतो, हेही सांगावे लागते. संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम भौतिकशास्त्रात नेमका हाच प्रश्न विचारतो.

या नियमाची किंमत मोठी आहे. त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या समीकरणानुसार, उत्सर्जित वायूच्या वेगाइतका वेग यानाला गाठावयाचा असेल, तर त्याचे आरंभीचे वस्तुमान अंतिम वस्तुमानाच्या २.७२ पट असावे लागते. दुप्पट वेगासाठी हे प्रमाण ७.३९, तर तिप्पट वेगासाठी सुमारे २० होते. सूर्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे ४.२४ प्रकाशवर्षे दूर असल्यामुळे, काहीही बाहेर न टाकता केवळ विजेवर चालणाऱ्या यंत्राची आशा अभियंत्यांना वाटावी, यात नवल नाही. ती आशा निराधार म्हणता येईल. अकारण म्हणता येणार नाही.

या आशेचे अलीकडील सर्वांत गाजलेले रूप म्हणजे ब्रिटिश अभियंता रॉजर शॉयर यांचे ‘एमड्राइव्ह’ हे यंत्र. त्याची रचना साधी आहे : शंकुछेदाच्या आकाराची एक बंद धातूची पोकळी आणि तीत सोडलेले सूक्ष्मतरंग. रुंद टोकावरील प्रारणदाब अरुंद टोकावरील दाबाहून अधिक असल्यामुळे निव्वळ बल शिल्लक राहते, असे शॉयर यांचे प्रतिपादन होते. आक्षेपकांचे उत्तर असे, की उतरत्या भिंतींवरील दाबही हिशेबात धरला, तर सर्व बलांची बेरीज शून्यच येते. बंद पेटीत बसून पेटीच्या भिंतीला आतून धक्के दिल्याने पेटी प्रवासाला निघत नाही.

तथापि प्रयोगांचे निष्कर्ष वेगळेच दिसू लागले. चीनमधील नॉर्थवेस्टर्न पॉलिटेक्निकल विद्यापीठातील यांग ज्वान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये २.५ किलोवॅट शक्तीला ७२० मिलिन्यूटन प्रणोद मिळाल्याचे नोंदविले. नासाच्या ह्यूस्टन येथील केंद्रातील हॅरोल्ड व्हाइट यांच्या गटाने नोव्हेंबर २०१६ मध्ये निर्वात कक्षातील मापन प्रसिद्ध केले. त्यात प्रणोद किलोवॅटला १.२ मिलिन्यूटन होता. प्रकाशाचा झोत मागे सोडला, तर किलोवॅटला केवळ ३.३ मायक्रोन्यूटन बल मिळते. नोंदविलेला आकडा त्याच्या सुमारे ३६० पट होता.

येथे दोन विधाने एकमेकांपासून वेगळी ठेवली पाहिजेत. ‘काटा हलला’ हे निरीक्षण आहे. ‘यंत्राने रेटले’ हे अनुमान आहे. पहिल्यावरून दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी काटा हलविणारी इतर सर्व कारणे दूर सारावी लागतात. मिलिन्यूटनच्या प्रदेशात अशी कारणे पुष्कळ असतात : तापलेल्या भागांचे प्रसरण, त्यामुळे सरकणारा गुरुत्वमध्य, तारांचा ताण, तारांतील प्रवाहावर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा परिणाम. वृत्तपत्रांतून मात्र दुसरे विधानच पहिल्याच्या जागी छापले गेले.

निर्णय मापनानेच दिला. यांग यांच्या गटाने २०१६ मध्ये वीजघट यंत्रावरच बसवून बाहेरच्या तारा काढून टाकल्या, तेव्हा उपकरणाच्या मर्यादेत ओळखता येईल असा प्रणोद उरला नाही. ड्रेस्डेन येथील तांत्रिक विद्यापीठात मार्टिन टाजमार यांच्या गटाने २०१८ मध्ये पोकळीत जाणारी शक्ती अत्यल्प करून पाहिली. तरीही काटा हललाच. अर्थात त्याचे कारण पोकळीत नव्हते. २०२१ मध्ये याच गटाने उष्णतेने होणारा झुकाव टाळणारी मांडणी केली. तेव्हा कोणताही प्रणोद दिसला नाही. असलाच, तर तो तेवढ्याच शक्तीच्या प्रकाशझोताच्या बलाहूनही कमी असला पाहिजे, अशी मर्यादा सिद्ध झाली.

आशावादी पक्ष येथे गॉडर्ड यांचा दाखला देतो. १९२० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांच्या अग्निबाणाची थट्टा केली आणि १९६९ मध्ये, चांद्रयान मार्गस्थ असता, चूक दुरुस्त केली. परंतु हा दाखला उलट बाजूचा आहे. गॉडर्ड न्यूटनच्या नियमानुसारच बोलत होते. नियम समजला नव्हता तो वृत्तपत्राला. थट्टा झाली एवढ्यावरून दावा खरा ठरत नाही.

सोबत द्रव्य न नेता प्रवास करण्याचा एक नियमसंमत मार्गही आहे. जपानच्या ‘इकारोस’ या यानाने २०१० मध्ये सूर्यप्रकाशाच्या दाबावर शिडाने प्रवास करून दाखविला. तेथे ‘कशाला रेटले?’ या प्रश्नाला उत्तर आहे : शिडावरून परतणाऱ्या प्रकाशाला.

एमड्राइव्हचा इतिहास म्हणून केवळ फसगतीचा नव्हे. ड्रेस्डेनच्या संशोधकांनी दावा हसण्यावारी नेला नाही की गृहीतही धरला नाही; त्यांनी तराजू सुधारला. आशेमुळे प्रयोग हाती घेतला गेला आणि शंकेमुळे तो शेवटास गेला. मायक्रोन्यूटनच्या प्रदेशातील बले मोजण्याचे जे कौशल्य या वादात वाढले, ते पुढच्या दाव्याच्या परीक्षणासही उपयोगी पडेल.