सोफी टकर : खानावळ ते रंगमंच

रशियन साम्राज्यातल्या युक्रेनमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्म. तान्ही असतानाच अमेरिकेत आली. हार्टफर्ड गावी आईवडिलांची खानावळ होती. तिथे वाढपाचं काम करता करता ती गिऱ्हाइकांसमोर गायची. पुढे न्यू यॉर्क गाठून ती व्हॉडव्हिलमध्ये शिरली. गाणी, नकला, कसरती, जादू असं सगळं एकाच तिकिटात दाखवणारा हा खेळ तेव्हा अमेरिकेची मुख्य करमणूक होता.

सुरुवातीला मालकांनी तिला तोंडाला काळं फासून, कृष्णवर्णीयांचं सोंग घेऊन गायला लावलं. त्या काळच्या रंगमंचावरची ही प्रथा अपमानकारकच. मेकअपची पेटी हरवल्याने एकदा ती तशीच मंचावर गेली आणि लोकांनी तिला उचलून धरलं, असं तिच्या आठवणी सांगतात.

‘सम ऑफ दीज डेज’ ही तिची ओळख. हे गीत कृष्णवर्णीय संगीतकार शेल्टन ब्रूक्स यांचं, आणि त्यांचं नाव या यशात आवर्जून घ्यायला हवं. सोफीने ते १९११ मध्ये एडिसन कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलं. १९२६ मध्ये टेड लुईस यांच्या वाद्यवृंदाबरोबर पुन्हा. बोलपट आले, व्हॉडव्हिलची थिएटरं ओस पडली, पण ती नाइटक्लब, रेडिओ, टीव्हीवर गात राहिली. १९६६ मध्ये न्यू यॉर्कला निधन.