हाताने चालते, आपोआप का नाही?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'चे नियमित पाठबळ थांबवले. नवी आवृत्ती न पेलणारा जुना लॅपटॉप भंगारात काढण्यापेक्षा त्यावर लिनक्स बसवणे, हा अनेकांपुढचा बिनखर्चाचा पर्याय आहे. मात्र हा उत्साह कधीकधी वाय-फायपाशीच मावळतो. आज्ञा देऊन ड्रायव्हर सुरू केला की जोडणी मिळते. संगणक बंद करून पुन्हा लावला की ती गायब! लिनक्सला नावे ठेवण्यापूर्वी यामागचे कारण समजून घेणे हिताचे.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर 'मॉड्युल'च्या रूपात असतात आणि गरजेनुसार कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, चढवले जातात. लॅपटॉपमधील प्रत्येक वाय-फाय चिपला निर्मात्याचा व उत्पादनाचा क्रमांक असतो. उदाहरणार्थ, ब्रॉडकॉम कंपनीचा क्रमांक '१४ई४' असा आहे. संगणक सुरू होताना कर्नल हे क्रमांक कळवतो, 'यूडेव्ह' ही यंत्रणा ते टिपते आणि 'मॉडप्रोब'च्या साह्याने यादीतील जुळणारे मॉड्युल चढवते. थोडक्यात, ड्रायव्हर आपोआप चढणे हाच नियम आहे. तसे घडत नसेल, तर साखळीतील एखादी कडी निखळलेली असते.

ही कडी पुष्कळदा 'ब्लॅकलिस्ट'मध्ये सापडते. ब्रॉडकॉमच्या काही चिपसाठी 'बी४३' हा मुक्त ड्रायव्हर आणि कंपनीचा स्वतःचा 'डब्ल्यूएल' असे दोन दावेदार आहेत. दोघांत झगडा नको म्हणून 'डब्ल्यूएल' बसवताना 'बी४३'चे नाव 'मॉडप्रोब.डी' या फोल्डरमधील फाइलमध्ये वर्ज्य म्हणून नोंदवले जाते. पुढे 'डब्ल्यूएल' काढून टाकला तरी ती नोंद मागे राहू शकते. गंमत अशी, की ही बंदी केवळ आपोआप चढण्यावर असते. नाव घेऊन आज्ञा दिल्यास मॉड्युल निमूटपणे चढते. 'हाताने चालते, आपोआप नाही' या तक्रारीचे मूळ येथे असू शकते. अशा वेळी ती ओळ काढून टाकणे हाच खरा उपाय.

कारण शोधण्यासाठी 'एलएसपीसीआय -के' ही आज्ञा उपयोगी पडते. लॅपटॉपच्या आतील चिपसाठी कोणती मॉड्युल उपलब्ध आहेत आणि कोणता ड्रायव्हर वापरात आहे, हे ती दाखवते. ड्रायव्हर स्वतः तयार करून बसवला असल्यास 'डेपमॉड' चालवून यादी ताजी करावी लागते. नवा कर्नल आल्यावर असा ड्रायव्हर पुन्हा बांधावा लागतो. हे काम 'डीकेएमएस' परस्पर करते.

इतके करूनही मॉड्युल आपोआप चढत नसेल, तर मात्र प्रणालीला स्पष्ट सांगणे भाग पडते. उबुंटू, डेबियन, फेडोरा यांसारख्या 'सिस्टमडी' वापरणाऱ्या प्रणालींत 'ईटीसी'मधील 'मॉड्युल्स-लोड.डी' या फोल्डरमध्ये 'कॉन्फ' शेपटाची फाइल करून तिच्यात मॉड्युलचे नाव एका ओळीत लिहिले, की ते दरवेळी चढते.

या अडचणींना कंपन्यांचे मौनही कारणीभूत आहे. तांत्रिक माहिती न मिळाल्याने 'बी४३'च्या कर्त्यांना जुन्या ड्रायव्हरची उकल करून मार्ग काढावा लागला. ब्रॉडकॉमने काही चिपसाठी मुक्त ड्रायव्हर दिला, तो २०१० मध्ये. जून २०२३ मध्ये आलेल्या 'डेबियन १२'पासून अनेक चिपना लागणारे फर्मवेअर अधिकृत प्रतीतच मिळू लागले. वाट सुकर होत आहे. तरीही वाय-फाय रुसले, तर लॅपटॉप अडगळीत टाकण्यापूर्वी ती एक ओळ शोधून पाहावी.