पाव किलोचा कॅमेरा

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांपुढे हल्ली कॉलेजची मुलं दिसतात. फोनने ज्यांचा बाजार उठवला, तेच छोटे डिजिटल कॅमेरे ती शोधत असतात. २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात आले, त्यांतले बहुतेक असे खिशातले. २०२३ साली लहानमोठे सगळे धरून ते ८० लाखही नव्हते. लोकांनी कपाटात टाकलेल्या वस्तूसाठी विशीतली मुलं एवढे खेटे का घालतात, हे पाहायला मी गेले आणि एका दुरुस्तीवाल्या काकांच्या टेबलापाशीच बसून राहिले.

काका कॅमेरा आधी हुंगतात. केस उघडायची, नाकाशी न्यायची. डांबराच्या गोळ्या आणि दमट चामडं यांचा एकत्र वास आला की बॉडीवर एक ओरखडा नसला तरी त्यांचा चेहरा उतरतो. "कपाटातला आहे," एवढंच म्हणतात. मग टॉर्च लावून लेन्स डोळ्यांसमोर तिरकी धरतात. कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू दिसले की समजायचं, फंगस. मुंबईच्या हवेत बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती हमखास गाठते. तंतू पुसता येतात. पण काचेवरचं कोटिंग एकदा खाल्लं गेलं की परत येत नाही, आणि उजेडासमोर धरलं की फोटो धुरकट येतो.

त्या दिवशी टेबलावर रिकोचा जीआर टू होता, २०१५ सालचा. ज्या मुलीला तो घ्यायचा होता ती समोरच उभी होती. लेन्स एकच, २८ मिलिमीटरच्या कोनाची, झूम नाही. सेन्सर मात्र मोठ्या कॅमेऱ्यात असतो तेवढा, फोनच्या सेन्सरच्या कितीतरी पट. संध्याकाळी लोकलच्या डब्यात काढलेल्या फोटोत चेहऱ्याचा पोत टिकतो तो त्यामुळे. वजन बॅटरी-कार्डासकट सुमारे २५० ग्रॅम. काका तो तळहातावर जोखून म्हणाले, "पाव किलो. त्याच्या वर गेला की कॅमेरा लग्नाला जातो, ऑफिसला जात नाही."

हा पाव किलो ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. फुजीचा एक्स-१०० सिक्स मागणाऱ्यालाही सांगितला. तो अर्धा किलोच्या थोडा वर भरतो. सोनीचा पहिला आरएक्स-१०० त्यांच्या हिशोबात पास, २४० ग्रॅम. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण पुरतं नाही. जीआरला डोळा लावून पाहायची खिडकी नाही, आणि दुपारच्या उन्हात मागचा स्क्रीन नीट दिसत नाही. फुजीला ती खिडकी आहे, तिचं वजन मी आनंदाने उचलीन. काकांना मात्र खिशापुढे काही दिसत नाही.

आणि खिसा म्हणजे धूळ. चालू केल्यावर लेन्स बाहेर येते, बंद केल्यावर आत जाते. प्रत्येक वेळी थोडी हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर खिशातले धागे. लेन्स काढता येत नसल्यामुळे सेन्सर बाहेरून साफ करायची सोय नाही. काकांनी लेन्सचं छिद्र एफ सोळावर नेलं, कोऱ्या कागदाचा फोटो काढला आणि मोठा करून मुलीला दाखवला. डाव्या कोपऱ्यात तीन करडे ठिपके. एफ २.८ वर तेच ठिपके विरघळून गेले. छिद्र बारीक असलं की धुळीची सावली घट्ट पडते, म्हणून विकणारे छिद्र मोठं ठेवून फोटो दाखवतात. हे ऐकून मुलगी चपापली. काका खुशीत होते. "फिरलेला कॅमेरा आहे," म्हणाले.

मग उघडणं. स्क्रू निघतील तसे कागदावर काढलेल्या आकृतीत आपापल्या जागी. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही तीनशेच्या आसपास व्होल्ट राहू शकतात. तो त्यांनी आधी रिकामा केला आणि मुलीला हात मागे घ्यायला सांगितलं. प्लॅस्टिकच्या चपट्या काडीने आतल्या वायरींच्या पट्ट्या सोडवल्या. सेन्सरवर ब्लोअर, मग एकच ओला हात, डावीकडून उजवीकडे. तेवढा वेळ समोरचा पंखा बंद. जोडणी उलट क्रमाने.

चालू झाल्यावर शेवटची परीक्षा भिंतीवर. तिथे मराठी वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान सपाट चिकटवलेलं आहे. समोरून फोटो काढायचा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचायची. लेन्स किंवा सेन्सर किंचित तिरका बसला असेल तर एका बाजूची अक्षरं विरतात. मुलीने चारही कोपरे स्वतः वाचले, 'भाड्याने देणे'पासून 'वधू पाहिजे'पर्यंत. दुकानात कोणी मेगापिक्सेल विचारत बसण्यापेक्षा हे एक पान वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

रस्त्यावर वापरायची युक्तीही त्यांनी तिला सेट करून दिली. छिद्र एफ आठ, फोकस अडीच मीटरवर कायमचा. लेन्स रुंद असल्याने साधारण सव्वा मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. फोकस शोधण्यात वेळ जात नाही, बटण दाबलं की फोटो. चहावाला किटलीतून धार सोडतो तेवढ्या क्षणात याचा उपयोग कळतो.

मुलीने चामड्याची केस मागितली. काकांनी दिली नाही. चामडं ओल धरतं, सुती पिशवी शिवून घे म्हणाले, आणि पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी टाकून हवाबंद डब्यात ठेव, पण आठवड्याला बाहेर काढ.

"परत धूळ जाईल का?" तिने विचारलं.

"जाणारच. पाव किलोचा आहे, तू रोज नेणार. ठिपके दिसले की घेऊन ये."

तिने पैसे मोजले आणि पुढच्या गिऱ्हाइकाने आपली केस टेबलावर ठेवली.