पोर्तुगालात कोठे जावे?

पोर्तुगाल देश आपल्या कर्नाटकाच्या निम्म्याहूनही किंचित लहान. क्षेत्रफळ सुमारे ९२,००० चौरस किलोमीटर. एवढासा देश आठ-दहा दिवसांत सहज पाहून होईल, असे नकाशाकडे पाहणाऱ्यास वाटते आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. परदेशी नोकरीस असलेला मुलगा किंवा मुलगी आईवडिलांना बोलावून घेते, साठविलेला पैसा एकदाच खर्च व्हावयाचा असतो, आणि मग कोणी सांगेल ते प्रत्येक गाव यादीत घातले जाते. परिणामी म्हातारी माणसे निम्मा दिवस मोटारीत डुलक्या घेतात. तेव्हा काय पाहावे यापेक्षा काय सोडावे, हे घरातच बसून आधी ठरविलेले बरे.

आमच्या मते प्रथम दक्षिणेचा अल्गार्व्ह किनारा सोडावा. युरोपातील लोक तेथे उन्हासाठी व वाळूसाठी जातात. ज्याच्या दारात कोलवा किंवा कळंगूट आहे, त्याने सागरस्नानासाठी एवढा पैसा का मोडावा? शिवाय अटलांटिकचे पाणी ऐन उन्हाळ्यातही बरेच थंड असते. एव्होरा हे प्राचीन नगर मात्र सोडताना जीवावर येते. तेथे रोमन देवळाचे खांब अद्याप उभे आहेत आणि वाटेवर बुचाच्या झाडांची राने लागतात. या झाडांची साल नऊ वर्षांतून एकदाच काढतात व कोणत्या वर्षी काढली याचा आकडा खोडावर रंगवून ठेवतात. परंतु जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे पारा चाळिशीला जातो. त्या दिवसांत वृद्धांना तेथे नेऊ नये.

लिस्बनला तीन दिवस द्यावेत. शहर डोंगरांवर वसलेले, रस्ते दगडी व गुळगुळीत. गुडघे दुखणाऱ्याने ट्राम सोडू नये. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक मिस्सेला जमलेले असताना येथे महाभयंकर भूकंप झाला. मागून समुद्र चढून आला आणि आगी लागल्या. कार्मेलच्या मठाचे छप्पर तेव्हा कोसळले, ते पुन्हा घातले नाही. उघड्या आभाळाखाली त्या रित्या कमानींत उभे राहिले म्हणजे त्या दिवसाची कल्पना येते. जवळच संत अंतोनचे लहानसे मंदिर आहे. पादुआचा म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो संत ११९५ साली जन्मला तो या लिस्बनमध्ये.

बेलेम भागातील जेरोनिमॉसचा मठ सारेच पाहतात. तेथे वास्को द गामाची कबर आहे. गोव्याच्या माणसाच्या मनात तिच्यापुढे संमिश्र विचार येणे स्वाभाविकच होय. त्या जहाजांमागून जे राज्य आले, ते १५१० पासून १९६१ पर्यंत, म्हणजे ४५१ वर्षे टिकले. वाटाड्या तेथे केवळ वैभवाची बाजू सांगतो. म्हणून आम्ही सुचवितो की, आपल्या माणसांनी पेनिशला अवश्य जावे.

पेनिश हे लिस्बनच्या उत्तरेस, समुद्रात घुसलेल्या कड्यावरचे कोळ्यांचे गाव. तेथील किल्ल्यात सालाझारच्या हुकूमशाहीने राजकीय कैदी ठेवले होते. गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्या त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हा यांना १९४६ साली लष्करी न्यायासनाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून येथेच आणले. पुढे १९५३ साली ते पॅरिसला निसटले आणि १९५८ साली, गोवा मुक्त होण्यापूर्वी तीन वर्षे, मुंबईत निवर्तले. त्याच तुरुंगात पोर्तुगालचे स्वतःचे पुत्रही खितपत पडले होते. त्यांची सुटका एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर झाली. आज तेथे प्रतिकार व स्वातंत्र्याचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. जुलमी राज्यकर्ते आणि ती प्रजा ही दोन निराळी होती, हे मुलांना समजावयास याहून योग्य जागा सापडणार नाही. यात्रा कंपन्यांच्या पत्रकांत पेनिशचे नाव क्वचित असते, हे खरे.

तेथून अल्कोबासा दूर नाही. त्या मठात राजा पेद्रू व इनेश यांच्या कबरी पायाशी पाय लावून ठेविल्या आहेत, पुनरुत्थानाच्या दिवशी उठताच दोघांची दृष्टादृष्ट व्हावी म्हणून, असे सांगतात.

फातिमाचा निर्णय मात्र घरातील वडीलधाऱ्यांवर सोडावा. १९१७ च्या मे ते ऑक्टोबर या महिन्यांत लुसिया, फ्रान्सिस्को व जासिंता या तीन गुराखी मुलांना मरियामातेचे दर्शन घडले. शेवटच्या दोघांना १३ मे २०१७ रोजी संतपद मिळाले. या सहा महिन्यांत दर बारा-तेरा तारखेला मेणबत्त्यांची मोठी मिरवणूक असते. ती पाहण्यासारखी खरी, पण गर्दीत म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात आणि खोली मिळणे कठीण. आजीला दर्शनमंदिरापाशी शांतपणे जपमाळ म्हणावयाची असेल तर मधली एखादी साधी तारीख निवडावी. एक सूचना: फातिमा नावाचे रेल्वे स्थानक तीर्थस्थानापासून बरेच लांब आहे. लिस्बनहून बसने जावे; दीड तासात पोचता येते.

उरलेले दिवस उत्तरेला द्यावेत. लिस्बन ते पोर्तो आगगाडीने सुमारे तीन तास. पोर्तोच्या साँव बेंतू स्थानकातच सुमारे २०,००० निळ्या-पांढऱ्या फरशांवर देशाचा इतिहास चितारलेला आहे; त्यास तिकीट नाही. दोरू नदीवरचा १८८६ चा दुमजली लोखंडी पूल पायी ओलांडावा. ब्रागाजवळ बॉम जेझूश टेकडीवर नागमोडी पायऱ्या चढत जातात. त्या पाहून पणजीच्या निष्कलंक मातेच्या चर्चसमोरील जिन्याची आठवण होते. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी १८८२ पासून पाण्याच्या वजनावर चालणारी गाडी आहे. वरचा डबा टाकीत पाणी भरून खाली उतरतो आणि त्याच्या ओढीने खालचा वर येतो.

भाषेची चिंता करू नये. पाव, बटाटा, अननस, काजू हे शब्द तिकडूनच आपल्याकडे आले. बेकरीत शिरून पाव मागितला तर तो मिळतो. जावयाचे ते मे महिन्यात किंवा सप्टेंबरच्या उत्तरार्धात. त्यानंतर उत्तरेस पावसाची झड लागते आणि ब्रागाच्या पायऱ्या निसरड्या होतात.