चिमुकल्या आगगाडीतला लुकलुकता दिवा

महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री मिरज जंक्शनात थांबते, तेव्हा डब्यांतील दिवे मुळीच मंदावत नाहीत. जुन्या पद्धतीच्या डब्यांत चाकांच्या आसाला पट्ट्याने जोडलेला अल्टरनेटर धावत्या गाडीत वीज निर्माण करतो. गाडी थांबली की डब्याखालच्या ११० व्होल्टच्या बॅटऱ्या दिव्यांचा भार उचलतात. दिवाणखान्यातील छोट्या गाडीला अशी शिल्लक नसते. तिच्या डब्यांना प्रत्येक क्षणाची वीज त्याच क्षणी रुळांतून उचलावी लागते. म्हणूनच सांध्यावर, वळणावर दिवे लुकलुकतात. मुले हिरमुसतात आणि हौसेने आणलेली महागडी गाडी माळ्यावर जाते.

बहुतेक घरांत पहिला दोष वीजपुरवठ्याला दिला जातो व कंट्रोलर वाढवला जातो. हा उपाय रोगापेक्षा वाईट. जुन्या डब्यांत तारेचा बल्ब असेल तर त्याच्या उष्णतेने प्लॅस्टिकचे छप्पर वितळते. दोष वीज कमी असण्यात नसून स्पर्श तुटण्यात असतो.

सर्वत्र प्रचलित असलेल्या एचओ मापाच्या गाड्या मूळ गाडीच्या ८७ पट लहान असतात व त्यांच्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. (एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मार्ग एकत्र पाहिलेल्या मिरजेत गेजचा अर्थ वेगळा सांगायला नको.) डब्याला आठ चाके असतात, पण अनेक डब्यांत पुढची चार एका रुळातून व मागची चार दुसऱ्या रुळातून वीज घेतात. प्रत्येक आसावरचे एक चाक शॉर्ट सर्किट होऊ नये म्हणून आसापासून अलग ठेवलेले असते. परिणामी प्रत्येक रुळावर प्रत्यक्ष कामाची चाके दोनच उरतात. त्यांतील एक धुळीवर चढले आणि दुसरे सांध्यात उचलले गेले, की अंधार!

आधी स्वच्छता. चाके व रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाने पुसावेत. खिडकी उघडी, वीज बंद आणि जवळ दिवा-उदबत्ती नको. पॉलिश पेपर वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्याचे ओरखडे पुढे मळ धरून ठेवतात. प्लॅस्टिकची चाके असतील तर ती वीज घेऊच शकत नाहीत, शिवाय मळ रुळभर पसरवतात. ती बदलून धातूची बसवावीत. नंतर डबा उलटा करून मल्टिमीटरने प्रत्येक चाकापासून दिव्याच्या तारेपर्यंत जोड तपासावा. निम्मे कोडे इथेच सुटते.

अलग ठेवलेल्या चाकांनाही कामाला लावायचे असेल, तर फॉस्फर ब्राँझची पातळ पट्टी चाकाच्या आतील बाजूला हलकेच टेकेल अशी बसवावी. ती आसाला लागता कामा नये, नाही तर शॉर्ट सर्किट ठरलेले. दाबही बेताचाच हवा. जास्त झाला तर इंजिनाला डबे ओढवत नाहीत. अशा पट्ट्यांनी प्रत्येक रुळावर दोनाऐवजी चार चाके मिळतात.

उरलेले काम कॅपॅसिटरचे. व्यापाऱ्याच्या गल्ल्यात रोख शिल्लक असावी, तशी ही विजेची शिल्लक. तारेच्या बल्बऐवजी एलईडी, तिच्यासाठी योग्य रेझिस्टर, रुळांतील दिशा बदलली तरी चालावे म्हणून ब्रिज रेक्टिफायर आणि त्यानंतर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कॅपॅसिटर. चार-पाच मिलिअँपिअरच्या दिव्याला तो सुमारे अर्धा सेकंद पुरतो. सांधा ओलांडायला तेवढे पुष्कळ. कॅपॅसिटरची ऋण बाजू पट्ट्याने दाखवलेली असते. ती उलटी जोडली तर तो फुटू शकतो, म्हणून हा डाग मोठ्यांनीच द्यावा.

गाड्या चालत्या पाहायच्या असतील तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले व १९९८ मध्ये सुरू झालेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. सातारा-सांगलीहून पुण्याला खरेदीसाठी जाणाऱ्या कुटुंबांनी मुलांना तेथे अवश्य न्यावे आणि गाडी सांधे ओलांडताना डब्यांच्या खिडक्यांकडे लक्ष ठेवायला सांगावे.