ज्याचें दुःख, त्याचा उपचार

एकच ताप असला तरी दोन रोग्यांना डोळे मिटून एकच काढा देऊं नये, याविषयीं आपल्याकडील वैद्य फार पूर्वींपासून सावध आहेत. रोग्याची प्रकृति, वय, बल, देश आणि काल पाहिल्यावांचून औषध ठरवूं नये, असा आयुर्वेदाचा दंडकच आहे. शरीराच्या बाबतींत हें आपण सहज मान्य करतों. परंतु ज्या विकाराला लोक 'वेड' ह्या एका शब्दांत गुंडाळून टाकतात, त्याच्या बाबतींत हा विवेक आपल्या घरांतून अजून पुरतेपणीं शिरलेला नाहीं. परभणीहून जिंतूरकडे जातांना लागणारें आमचें झरी गांव घ्या, किंवा पुण्यामुंबईचें सुशिक्षित घर घ्या. एखादा मुलगा एकटाच पुटपुटूं लागला, शेजारी आपल्यावर टपले आहेत असें म्हणूं लागला, कीं त्याची बुद्धि, आवडनिवड, स्वभाव सारें मागें पडतें आणि 'डोक्यावर परिणाम झालेला' एवढीच त्याची ओळख उरते. माजघरांत कुजबूज चालते. पण त्याला काय ऐकूं येतें, हें त्याला कोणी विचारीत नाहीं.

हा विकार दुर्मिळ नाहीं. स्किझोफ्रेनिया हा त्याचा सर्वांत परिचित प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें जगांत सुमारें ३०० माणसांमागें एकाला तो असतो. त्याचीं दोन ठळक लक्षणें म्हणजे भास आणि भ्रम. कोणी नसतां आवाज ऐकूं येणें हा भास. पुरावा नसतांहि 'माझ्याविरुद्ध कट आहे' अशी अढळ समजूत होणें हा भ्रम. १९५२ सालीं पॅरिसमध्यें क्लोरप्रोमॅझिन हें औषध ह्या विकारावर वापरण्यांत आलें आणि पुष्कळ रोग्यांना घरीं परतण्याची वाट मोकळी झाली. औषधांचें हें महत्त्व आजहि तितकेंच आहे. डॉक्टरांना न विचारतां तीं बंद करणें म्हणजे दुखणें पुन्हां बोलावणें होय. पण औषधानें आवाज मंदावला तरी त्या आवाजानें मनांत पेरलेली भीति, मोडलेलें शिक्षण, तुटलेली मैत्री हीं गोळीनें सांधलीं जात नाहींत. तेथें संभाषणाचें काम सुरू होतें.

योगायोग असा कीं, त्याच १९५२ सालीं अमेरिकेंतील डॉ. अ‍ॅरन बेक यांनीं एका रोग्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सरकारी गुप्तहेर आपल्या पाळतीवर आहेत, असा त्याचा भ्रम होता. बेक यांनीं 'हें खोटें आहे' असें म्हटलें नाहीं, आणि 'खरें आहे' असेंहि म्हटलें नाहीं. संशयित माणसें प्रत्यक्षांत काय करतात, हें दोघांनीं मिळून बारकाईनें पाहिलें आणि संशयाचें वर्तुळ हळूहळू आंकुंचित होत गेलें. पुढें ह्याच बीजांतून विचारांना व वर्तनाला धरून चालणारी उपचारपद्धति वाढली. इंग्लंडच्या २०१४ च्या अधिकृत मार्गदर्शिकेनें अशा रोग्याला किमान १६ व्यक्तिगत बैठकी द्याव्यात असें सुचविलें. हा उपाय रामबाण नव्हे. त्याचा सरासरी लाभ माफकच असतो, असें अनेक परीक्षणांत दिसलें आहे. म्हणूनच हल्लींचे अभ्यासक विचारतात, कीं सरासरीच्या पलीकडे जाऊन हा उपचार प्रत्येक माणसाच्या मापाचा कसा करावा?

ह्याचा अर्थ उदाहरणानें पाहूं. दोन तरुण कल्पा. दोघांनाहि आवाज ऐकूं येतात. पहिल्याला वारलेले आजोबा परीक्षेंतील अपयशावरून रात्रभर खडसावतात. दुसऱ्याला अनोळखी माणसें 'तुझ्या अन्नांत विष आहे' असें सांगतात. लक्षण एकच, पण पहिल्याची झोंप उडाली आहे, दुसऱ्याचें जेवण सुटलें आहे. पहिल्याशीं निद्रेविषयीं, अपयशाच्या लाजेविषयीं आणि आजोबांवरील प्रेमाविषयीं बोलावें लागेल. दुसऱ्याच्या बाबतींत पहिला प्रश्न अन्नाचा: त्याच्या संमतीनें, त्याच्या डोळ्यांदेखत शिजलेलें आणि सर्वांनीं एकाच पातेल्यांतून वाढून घेतलेलें अन्न त्याला चालेल काय, येथून आरंभ होईल. दोघांना एकच उपदेश केला, तर तो दोघांच्याहि कानांवरून जाईल.

आवाजांवर घराची छाप किती असते, हें तान्या लुरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या अभ्यासांत दिसून आलें. कॅलिफोर्निया, घानांतील आक्रा आणि आपलें चेन्नई येथील प्रत्येकीं २० रोग्यांशीं त्यांनीं सविस्तर बोलून पाहिलें. अमेरिकेंतील रोग्यांचे आवाज बहुधा अनोळखी व हिंसक होते. चेन्नईंतील निम्म्याहून अधिक रोग्यांना नातलगांचे आवाज ऐकूं येत, आणि ते पुष्कळदां घरकामाच्या आज्ञा देत किंवा रागें भरत. ज्याच्या भासांतहि घर बोलतें, त्याचा उपचार घर वगळून कसा होईल?

आवाजालाच समोर बसविण्याची एक युक्ति लंडनचे डॉ. ज्युलियन लेफ यांनीं काढली. रोगी व उपचारक मिळून त्या आवाजाला संगणकावर चेहरा व बोली देतात आणि रोगी त्याच्याशीं धीटपणें बोलावयास शिकतो. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ३४५ रोग्यांच्या चांचणींत ह्या उपचाराचीं दोन रूपें ताडून पाहिलीं: एक थोडक्यांतलें व ठरीव, दुसरें रोग्याच्या जीवनकथेला धरून विस्तारलेलें. १६ आठवड्यांनंतर दोहोंनींहि आवाजांचा जाच कमी झाला. पण पुढें २८ व्या आठवड्याला तो लाभ स्पष्ट राहिला नाहीं. मात्र आवाज किती वेळां येतो, हें प्रमाण विस्तारलेल्या रूपानें घटलें आणि तें पुढेंहि घटलेलें राहिलें.

हें सारें मोठ्या शहरांचें झालें. खेड्यापाड्यांतील रोग्यानें काय करावें? ह्याचें उत्तर आपल्या सातारा व गोव्याच्या भूमींत शोधलें गेलें. सातारा, गोवा आणि तामिळनाडूंतील कांचीपुरम् येथें २००९ पासून २८२ रोगी एका चांचणींत घेतले. १८७ जणांना दवाखान्यांतील उपचाराबरोबर घरपोंच साहाय्य मिळालें, ९५ जणांना केवळ दवाखान्यांतील उपचार. घरीं जाणारे कार्यकर्ते पदवीधर मानसतज्ज्ञ नव्हते. ते स्थानिक, शिकवून तयार केलेले लोक होते. प्रत्येक रोग्याची गरज पाहून त्याची स्वतंत्र योजना आंखली जाई: कोणाला औषधाचें वेळापत्रक, कोणाला पुन्हां काम, कोणाच्या घरच्यांना समजूत. २०१४ च्या 'लॅन्सेट' मधील निष्कर्षाप्रमाणें वर्षअखेर लक्षणें व परावलंबन हीं थोडींशींच, पण निश्चित कमी झालीं. सर्वांत अधिक लाभ कांचीपुरम् येथें, जेथें इतर सोयी तुटपुंज्या होत्या, तेथें झाला. आमच्या मराठवाड्याला ह्यांतून धीर घेतां येईल.

चरकसंहितेंत उन्मादाच्या चिकित्सेचें स्वतंत्र प्रकरण आहे आणि सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मन आंवरणें, हा चिकित्सेचा एक प्रकारच मानला आहे. प्रिय वस्तूच्या नाशानें भ्रमिष्ट झालेल्याचें सांत्वन तिच्यासारखी वस्तु मिळवून देऊन करावें. काम, शोक, भय, क्रोध ह्यांतून उपजलेला उन्माद त्याच्या विरुद्ध भावानें शमवावा, असें तेथें कारणपरत्वें सांगितलें आहे. मात्र त्याच प्रकरणांत बांधून ठेवणें व भय दाखविणें हेहि उपाय आहेत. पूर्वजांचें पहिलें घ्यावें, दुसरें सोडावें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मनोरुग्णाला कोणत्याहि रीतीनें सांखळदंडानें बांधण्यास मनाई केली आहे. शिवाय, आपल्यावर कसा उपचार व्हावा व कसा होऊं नये, हें आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार प्रत्येक प्रौढाला दिला आहे. माणसाच्या मापाचा उपचार हा आतां केवळ उपकार राहिलेला नाहीं.

एकत्र कुटुंबाला ह्यांत मोठें सामर्थ्य आहे आणि मोठा धोकाहि आहे. चंडीगड येथील अभ्यासांत, रोग्याच्या घरच्यांचें टोचून बोलणें लंडनच्या मानानें कमी आढळलें. आणि जेथें असें बोलणें व वैर कमी, तेथें दुखणें उलटण्याचा संभवहि कमी, हें पुष्कळ ठिकाणीं दिसलें आहे. पण दहा माणसांच्या घरांत दहा जणांचे उपदेश एकाच जिवावर कोसळूं शकतात. 'लग्न केलें म्हणजे सुधारेल' ह्या समजुतीनें तर दुखणें लपवून परक्या मुलीचा किंवा मुलाचा जन्म पणाला लावला जातो. त्याऐवजीं घरांतील एकानें, ज्याच्यावर रोग्याचा विश्वास आहे अशानें, बोलावयाचें काम आपल्याकडे घ्यावें. दुखणें पुन्हां येण्याआधीं ह्या माणसांत काय बदलतें, हें एका वहींत टिपावें. कोणाची झोंप जाते, कोणी देवपूजा अकस्मात् वाढवितो, कोणी फोन उचलीत नाहीं. ती वही त्याला दाखवून, त्याच्या संमतीनें डॉक्टरांकडे न्यावी. आणि 'तुला काय व्हावेंसें वाटतें?' हा प्रश्न त्याला विचारावा. उत्तर नोकरी असेल, रात्रीची झोंप असेल, किंवा केवळ मित्राला पुन्हां भेटणें असेल. उपचाराचें ध्येय त्या उत्तरांतूनच ठरावें. कोणाकडे जावें हें उमगत नसेल, तर १४४१६ ह्या शासकीय दूरध्वनीवर मराठींतहि विचारतां येतें.

घरांत कोणाला भात मऊ लागतो, कोणाला वरणांत गूळ चालत नाहीं, हें आपल्या गृहिणी वर्षानुवर्षें लक्षांत ठेवतात. तीच बारीक नजर आजारी मनाकडे वळवावी, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.