लिपीचा जन्म कोठारात

सरस्वतीच्या हाती आपण पोथी दिली आहे. त्यामुळे लेखनकला ही स्तोत्रांसाठी, काव्यासाठी, विद्येसाठी जन्मास आली असली पाहिजे, असे आपण सहजच धरून चालतो. वस्तुतः या समजाला छेद देणारा पुरावा आपल्या घरातच आहे. वेदांसारखे प्रचंड वाङ्मय शतकानुशतके मुखपाठाने टिकले. छंद, स्वर आणि पाठांतराची शिस्त असली म्हणजे हजारो ऋचा स्मरणात राहतात. पण अमक्याने किती मापे जव भरले, तमक्या मजुराला किती दिले आणि शिल्लक काय, हे कोण पाठ करणार? हिशेबाला छंद नसतो, आणि तो रोज बदलतो. दक्षिण इराकमध्ये माणसाने लेखणी उचलली ती या अडचणीपायी.

त्या प्रदेशात पावसावर शेती पिकत नाही. दगड नाही, धातू नाही, इमारती लाकूड नाही. आहे ती युफ्रेटिसची गाळमाती, कालव्याचे पाणी आणि बोरूची बेटे. एवढ्या भांडवलावर सुमेरमध्ये उरुक नावाचे नगर उभे राहिले. इ. स. पू. 3200 च्या सुमारास त्याचा विस्तार अडीचशे हेक्टरांच्या घरात गेला होता. 1928 पासून जर्मन संशोधकांनी तेथे नेटाने उत्खनन केले, तेव्हा इनान्ना देवीच्या मंदिराच्या आवारात मातीच्या लेखांकित वड्या हाती आल्या. अशा आद्य वड्या व त्यांचे तुकडे आज पाच हजारांच्या आसपास आहेत. त्यांत देवीची स्तुती नाही, राजाचा पराक्रम नाही. बहुतेक वड्यांवर जव, मेंढ्या, कापड, मद्य यांचा जमाखर्च आहे. उरलेल्या शिकाऊ लेखकांना गिरविण्यासाठी केलेल्या शब्दांच्या याद्या. म्हणजे एकीकडे चोपडी आणि दुसरीकडे उजळणी!

ही युक्ती एकाएकी सुचलेली नव्हे. इ. स. पू. 8000 च्या सुमारापासून पश्चिम आशियात मातीचे छोटे शंकू, गोळ्या, चकत्या आढळतात. त्या मोजदादीच्या होत्या, असे डेनिस श्मांट-बेसेरा या विदुषीने दाखवून दिले. पुढे त्या मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून वर मोहर उमटवू लागले. पण आत काय आहे हे पाहावयाचे तर गोळा फोडावा लागे. म्हणून आतल्या खुणा बाहेरच्या ओल्या मातीवर दाबण्याची वहिवाट पडली. आणि बाहेर खूण आहेच, तर आत खडे हवेत कशाला? गोळ्याची सपाट वडी झाली. नंतर आकड्याशेजारी वस्तूचे चित्र आले. प्रत्येक चिन्हाचा उगम खड्यातच शोधण्याचा या विदुषीचा आग्रह सर्वांना मान्य नाही. आकड्यांपुरते मात्र तिचे म्हणणे पटण्यासारखे आहे.

या आकड्यांची एक गंमत सांगण्याजोगी आहे. मेंढ्या मोजताना वाटोळे चिन्ह म्हणजे दहा. तेच चिन्ह जव मोजताना सहा! निव्वळ ‘दहा’ ही कल्पना अजून वस्तूपासून सुटी झालेली नव्हती. साठांनी मोजण्याची त्यांची रीत मात्र आपल्या घड्याळाच्या मिनिटांत अजून नांदते आहे.

हिशेब म्हटला की घेणारा आणि देणारा आलाच. उरुकच्या मातीत तिरक्या काठाचे ओबडधोबड वाडगे राशींनी सापडतात. ते मजुरांना शिधा मोजून देण्याचे असावेत, असे पुष्कळांचे मत. पाव भाजण्याचे साचे होते, असेही काही म्हणतात. पण लिपीतले ‘खाणे’ किंवा ‘शिधा’ या अर्थाचे चिन्ह पाहावे: माणसाचे मस्तक आणि त्याला लागून वाडगा. दुसरे चिन्ह याहून बोलके आहे. ‘स्त्री’ आणि ‘डोंगर’ ही दोन चिन्हे जोडली की अर्थ होतो दासी. डोंगराळ मुलखातून धरून आणलेली बाई, असा त्याचा उलगडा केला जातो. पाठ गिरविण्याच्या याद्यांत एक यादी हुद्द्यांची आहे. तिच्यात शंभराहून अधिक पदे असून आरंभी श्रेष्ठींची आहेत. पुढच्या पिढ्यांनी ती जवळजवळ हजार वर्षे नकलून काढली. नगराची उतरंड अशी अक्षरओळखीबरोबरच पोरांच्या हातात बसत होती.

सर्वत्र असेच घडले असे मात्र नाही. चीनमधील जुने लेख शकुन पाहण्याच्या हाडांवर आहेत. इंका लोकांनी तर दोऱ्यांच्या गाठींवर साम्राज्याचा हिशेब ठेवला.

सुमेरमध्ये स्तोत्रे व नीतिवचने मातीवर उतरली ती इ. स. पू. 2600 च्या सुमारास, म्हणजे सहाशे वर्षांनी. आणखी तीनशे वर्षांनी सार्गोन राजाची कन्या एनहेदुआना हिचे नाव येते. नावानिशी ज्ञात असलेली ही जगातील पहिली कवयित्री. तिच्या नावावरची इनान्नाची स्तोत्रे आज वाचता येतात, कारण पुढे कित्येक शतकांनंतरच्या शाळांतील मुलांनी ती वड्यांवर बोरूने उतरवून ठेवली होती.